परक्या मातींतलीं खरबुजें

परदेशवास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें विलायत उभी राहते. परंतु श्रोतेहो, आपली ही भूमीच कोणा एकाला परदेश होती, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. फरगण्यांत १४८३ सालीं जन्मलेला बाबर १५२६ सालीं पानिपतची लढाई जिंकून आग्र्यास आला. त्याच्या विजयाची कथा शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे. आज सांगावयाची आहे ती त्याचें मन येथें कसें रमलें, ही गोष्ट.

ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. उष्म्यानें हैराण झालेले सरदार काबूलास परतण्याची भाषा बोलूं लागले. जिवलग ख्वाजा कलान तर निघूनच गेला. बाबर राहिला, पण मनांतली तक्रार त्यानें लपविली नाहीं. आपल्या तुर्की आत्मचरित्रांत तो हिंदुस्थानच्या उणिवांची यादीच देतो: चांगले घोडे नाहींत, द्राक्षें नाहींत, चांगलीं खरबुजें नाहींत, बर्फ नाहीं, हमाम नाहींत! हातीं आलेला खजिना त्यानें इतका सढळपणें वांटला कीं काबूलच्या प्रत्येक माणसाला एकेक नाणें पोंचलें. पण खरबूज कांहीं खजिन्यांत सांपडत नाहीं.

मग त्यानें यमुनेच्या पलीकडे बाग घालण्याचें ठरविलें. ती जागा पाहून त्याला प्रथम किळसच आली. तरी तेथें विहीर खोदविली, हमाम बांधविला, वाफे आंखून गुलाब आणि नर्गिस लावले. उष्मा, वारा आणि धूळ या तिन्ही त्रासांतून हमामांत सुटका होते, असें तो मोठ्या समाधानानें नमूद करतो. शेजारीं सरदारांनींही बागा घातल्या, आणि लोक त्या वस्तीलाच ‘काबूल’ म्हणूं लागले.

मात्र केवळ मायदेशाची नक्कल करून तो थांबला नाहीं. येथील जास्वंद, कण्हेर, पोपट, खार यांचीं त्यानें बारकाईनें वर्णनें केलीं. पावसाळ्यांतील हवेची तारीफ केली. १५२८ सालीं ग्वाल्हेरीस त्याला तांबडी कण्हेर दिसली, ती त्यानें आग्र्याच्या बागांत आणून लावली. तक्रार करणाराच हळूहळू पाहूं लागला होता.

१५२९ च्या फेब्रुवारींत त्यानें ख्वाजा कलानला पत्र लिहिलें. कोणी एक खरबूज आणून दिलें होतें. तें कापतांना आणि खातांना त्याला अश्रू आवरले नाहींत. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं, बल्खी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माळ्यानें आग्र्याच्या बागेंत पिकविलेलीं लहानशीं खरबुजें त्याच्या पुढें ठेवलीं. एकदोन वेलींना द्राक्षेंही लागलीं होतीं. तीं पाहून आपण तृप्त झालों, असें तो लिहितो.

पुढच्याच वर्षीं, १५३० सालीं, तो आग्र्यास मरण पावला, आणि कालांतरानें त्याचा देह काबूलास नेण्यांत आला. म्हणजे मायदेशाची ओढ कांहीं सुटली नव्हती. ती सुटावी लागत नाहीं. राज्य तलवारीनें मिळालें, पण त्या चिमुकल्या खरबुजांसाठीं बादशहालाही बीं पेरून वाट पाहावी लागली; आणि परक्या मुलुखांत त्याला आपलें असें कांहीं गवसलें, तें त्या वाट पाहण्यांतच.