गनपावडर पॉइंटवरची आंबवण

सॅन डिएगोजवळच्या चुला व्हिस्टात, गनपावडर पॉइंटवर मी संध्याकाळी फिरायला जाते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कॉर्डाइट ही तोफांची दारू बनवायला अ‍ॅसिटोन कमी पडू लागले, म्हणून 1916 मध्ये हर्क्युलिस पावडर कंपनीने इथे कारखाना काढला. समुद्रातला केल्प हा शैवालाचा प्रकार गवतासारखा कापून बार्जमधून येई. मोठाल्या टाक्यांत जिवाणू तो आंबवत. त्यातून निघालेल्या आम्लापासून अ‍ॅसिटोन बने, शिवाय पोटॅशही मिळे. युद्ध संपले, मागणी आटली, कारखाना बंद पडला. पण केल्प आंबवण्याची कल्पना तिथेच संपली नाही. 2012 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी जनुकीय बदल घडवलेल्या ई. कोलाय जिवाणूकडून केल्पमधल्या शर्करांचे थेट इथेनॉल हे इंधन करून घेतले. आंबोळीचे पीठ रात्रीतून फुगताना पाहत वाढलेल्या मला या किनाऱ्याची ती जुनी विद्या इंधनाच्या कामी यावी, असे मनापासून वाटते.