नीरेच्या कालव्यानं शिकवलं, ते आपण विसरलो

मीठफुटीच्या रानाचा विषय निघाला की आपल्याकडं एक वाक्य ठरलेलं असतं : "हावरटासारखं पाणी पाजलं, आता भोगा." मला हे अर्धंच खरं वाटतं. उरलेलं अर्धं समजायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागं, नीरा खोऱ्यात जावं लागतं.

१८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. हेतू होता ज्वारी-बाजरी वाचवायचा. पण खोल काळी माती ओल धरून ठेवते, पाऊस बरा झाला तर त्या ओलीवर शाळू येतो. मग चांगल्या सालात शेतकरी कालव्याचं पाणी घेईनात. सरकारला तर दरवर्षी पाणीपट्टी हवी. बारमाही पाणी घेणारं पीक म्हणजे ऊस, त्यामुळं ऊस वाढला तो सरकारलाही सोयीचाच होता. सासवडकडचे माळी शेतकरी तिथं जाऊन खंडानं जमिनी घेऊन ऊस पिकवू लागले.

इथं मातीचा स्वभाव आडवा आला. काळी माती भिजली की फुगते, तिची छिद्रं मिटतात आणि पाणी खाली झिरपायला फार वेळ लागतो. वरून पाळीवर पाळी चालू, खाली निचरा नाही. मग भूजल वर चढतं. उन्हानं पाणी उडून जातं, त्यातला क्षार वर राहतो. आधी पांढरा थर दिसतो. पुढं सोडियम मातीला चिकटला की रान चोपण होतं. पाणी वरच साचतं, वाळलं की ढेकूळ दगडासारखं.

हे त्या काळी कुणाला कळलंच नाही असं नाही. १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका छापली. त्याच सुमारास विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली होती : पाणी एकाच जागी न ओतता ठरावीक गटांत वाटायचं आणि गटातल्या काही हिश्श्यातच ऊस घ्यायचा. १९१६ मध्ये मुंबई सरकारनं पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासाला वेगळी शाखा उघडली. आज खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल संशोधन संस्था ती हीच. क्लॉड इंग्लिस यांनी तिथं दख्खनच्या कालव्यांवरच्या पाणथळ जमिनींचा आणि निचऱ्याचा अभ्यास केला. काळ्या मातीखाली बहुतेक ठिकाणी मुरूम असतो. चर तिथवर पोचला तर पाणी वाहतं, वरच्या वर खणला तर नुसता खड्डा होतो.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी दुखणंही माहीत होतं आणि औषधही. तरी कृष्णा-वारणेच्या काठी शिरोळ, मिरज, वाळव्यात तेच पुन्हा घडलं. शिरोळला दत्त कारखान्याच्या पुढाकारानं शेतकरी एकत्र आले, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले आणि पडीक रानात पुन्हा पिकं उभी राहिली. यातला 'एकत्र' हा शब्द महत्त्वाचा. एकट्यानं पाइप टाकला तर पाणी सोडणार कुठं? खालच्या भावकीच्या रानात? जिप्सम, ताग, धैंचा हे सगळं चांगलंच, पण निचऱ्याची वाट नसेल तर सुटलेला क्षार तिथंच फिरत राहतो.

म्हणून मी त्याला अर्धं खरं म्हणतो. पाणी किती पाजायचं हे शेतकऱ्याच्या हातात आहे, ठिबक करणंही आहे. पण दहा जणांच्या रानातून ओढ्यापर्यंत जाणारा चर एकट्याच्या हातात कधीच नव्हता.

आता टेंभू, ताकारी, म्हैसाळचं पाणी दुष्काळी तालुक्यांत पोचलंय. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली त्याची, आनंदच आहे. पण तिथंही काळी रानं आहेत आणि तिथंही ऊस वाढतोय. म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या गावाचा निचऱ्याचा नकाशा आहे का? अतिक्रमणानं बुजलेले ओढे मोकळे कधी करणार? आणि ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी दरवर्षी मोजून फळ्यावर लिहिणार का? रान पांढरं पडल्यावर विचारलं तर खर्च कैकपट होतो, आणि तोवर कर्ज सोसायटीत चढलेलं असतं.