बांबोळीला न्या
पेडण्यात काय किंवा डिचोलीत काय, घरचं माणूस गंभीर झालं की कुणीतरी म्हणतंच, "बांबोळीला न्या." गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे तिथल्या रुग्णालयाचं पूर्ण नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

या संस्थेचं मूळ १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या 'एस्कोला मेडिको-सिरुर्जिका'त आहे. शल्यविद्या तिच्या नावातच होती, पण भूल देण्याची सोय मात्र तेव्हा नव्हती. ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनला झालं ते १८४६ मध्ये. गोवामुक्तीनंतर १९६३ साली या संस्थेचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं. पुढे मांडवीकाठची वास्तू सोडून ती बांबोळीच्या पठारावर आली.

भूल आली तरी यकृताला हात घालायला शल्यविशारद फार काळ कचरत होते, आणि ते योग्यच होतं. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या काही वेळ दाबून धरायची युक्ती ग्लासगोच्या प्रिंगल यांनी १९०८ मध्ये मांडली. १९५७ मध्ये फ्रान्सच्या कुइनो यांनी यकृताचे आठ खंड दाखवून दिले, तेव्हा कुठे नेमकं कुठून कापावं हे उमगलं.

यकृताची रोबोटिक शस्त्रक्रिया याच ज्ञानावर उभी आहे. रोबोट स्वतःहून काहीच कापत नाही. सर्जन थोड्या अंतरावर बसून अनेक पटींनी मोठं दिसणारं त्रिमितीय दृश्य पाहतो, आणि त्याच्या बोटांची हालचाल यंत्राचे बाहू पोटातल्या लहान छिद्रांतून करतात. हाताची कंपनं गाळली जातात, अवजार मनगटासारखं वळतं. यकृताच्या अडचणीच्या मागच्या भागात बारीक टाके घालताना हे वळणं फार मोलाचं ठरतं. बोटांचा स्पर्श मात्र उरत नाही. गाठ चाचपता येत नाही, म्हणून शस्त्रक्रिया चालू असतानाच सोनोग्राफीने तिचा माग काढावा लागतो. जखम लहान, रुग्ण लवकर घरी. पण रक्तस्राव आवरेनासा झाला तर पोट उघडायची तयारी त्याच खोलीत हवी.

माझं लक्ष मात्र शस्त्रक्रियागृहाच्या अलीकडे जातं. आमच्या गावांत डोळे पिवळे झाले की आधी काविळीचा झाडपाला शोधतात. पित्ताची वाट गाठीने अडली असेल, तर त्यात गेलेले आठवडे कुठलंही यंत्र परत देत नाही. म्हणून पेडणे, डिचोली, सांखळीच्या आरोग्य केंद्रांत वेळेवर होणारी सोनोग्राफी मला रोबोटइतकीच मोलाची वाटते. तिथे दिसलेला डाग त्याच आठवड्यात बांबोळीच्या सर्जनसमोर पोचायला हवा.