सहाध्यायांची सभा आणि मराठी शास्त्रीय गद्य

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. एकाने निबंध वाचावा व इतरांनी त्याची चर्चा करावी, असा तेथील परिपाठ होता. त्याच वर्षी तिची मराठी शाखा, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखाली निघाली. इंग्रजीतून शिकलेला विषय येथे मराठीत मांडावयाचा व श्रोत्यांच्या शंकांस उतरावयाचा असल्याने परिभाषेचा प्रश्न टाळणे शक्य नव्हते. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघाल्यावर अशा लेखनास सभेबाहेरील वाचकही लाभला. म्हणून मराठी शास्त्रीय गद्याच्या जडणघडणीचे श्रेय केवळ भाषांतरित क्रमिक पुस्तकांना देऊन चालणार नाही. सहाध्यायांच्या परस्परचिकित्सेचा वाटाही त्यात मानावा लागतो.