भाजल्याचे वण व प्लास्टिक सर्जरी

आग, उकळते पाणी किंवा तेल, वाफ, वीज वा रसायन यांनी त्वचा खोलवर भाजल्यास जखम भरल्यावर वण राहतो आणि कातडी आखडते. अशा वणावरील शस्त्रक्रियेत आधी हालचाल परत मिळवायची असते, रूप त्यानंतर. जाहिरातींत हा क्रम उलटा दिसतो.

वण कसा होणार हे बरेचसे सुरुवातीच्या आठवड्यांतच ठरते. तीन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेली जखम बहुधा जाड, लाल, खाजरा वण ठेवून जाते. म्हणून खोल भाजलेली मृत कातडी लवकर काढून त्या जागी रुग्णाच्याच मांडीवरील त्वचेचा पातळ थर लावतात (त्वचारोपण). निम्मे अंग भाजले असेल, तर थर काढायला जागा पुरत नाही. तेव्हा मृत दात्याची त्वचा उपयोगी पडते. रुग्णाचे शरीर ती दोन-तीन आठवड्यांत नाकारते, पण तोवर जंतुसंसर्ग व द्रवाची गळती आटोक्यात राहते.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली अशी त्वचा साठवणारी त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पेढी आहे. त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावी लागते. मीरा-भाईंदरला पेढीचे पथक यायचे तर घोडबंदर रस्त्याची किंवा द्रुतगती मार्गाची कोंडी याच सहा तासांत मोजली जाते, तेव्हा नातेवाइकांनी पेढीला फोन लगेच करावा. रक्तगट जुळावा लागत नाही. मांड्या, पाय व पाठीवरचा थर काढून पट्टी बांधतात. तो ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंश सेल्सिअसला, पाच वर्षांपर्यंत टिकतो.

मुंबईच्याच वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या जखमेवर बटाट्याच्या उकडलेल्या सालींची स्वस्त पट्टी वापरून पाहिली व १९८५ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. घरी कच्चा बटाटा किसून लावण्याशी तिचा संबंध नाही. भाजल्याबरोबर नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे घ्यावे, टूथपेस्ट वा बर्फ लावू नये.

हनुवटी छातीकडे ओढली गेली किंवा बोटे तळव्याला चिकटली, तर आखडलेला भाग मोकळा करून त्वचारोपण करतात. पट्ट्यासारखा वण झेड-आकारात कापून लांबवतात. मान आखडलेल्या रुग्णाला भूल देणेही जोखमीचे असते. इतर वणांवर शस्त्रक्रियेआधी वर्षभर थांबणे बरे. त्या काळात घट्ट दाबपोशाख दिवसातले २३ तास घालायचा असतो. मुंबई परिसरातल्या दमट उकाड्यात तो अनेकांना सोसवत नाही. पापणी मिटत नसेल तर मात्र थांबता येत नाही, कारण उघडे बुबुळ कोरडे पडून दृष्टी जाऊ शकते.