निकितिनचा डोंगर

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात सकाळी उभं राहिलं, तर कारखान्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि दुचाक्यांच्या गर्दीत समोरची पाटी वाचायलाही सवड मिळत नाही. हाच रस्ता पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असा जातो आणि नारायणगावाहून डाव्या हाताला जुन्नरचा फाटा फुटतो. आज मला एका डोंगराविषयी बोलायचं आहे. त्याला ज्या माणसाचं नाव दिलं आहे, तो साडेपाचशे वर्षांपूर्वी या जुन्नरात एक पावसाळा काढून गेला. डोंगर मात्र सह्याद्रीत नाही. तो हिंदी महासागराच्या पोटात आहे आणि त्याचा माथासुद्धा पाण्याखाली सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे.

हा विषय माझ्या घरी निघाला तो पुतण्यामुळे. तो चाकणला विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कामावर आहे. एकदा जेवताना म्हणाला, “काका, आता समुद्राच्या तळातून कोबाल्ट काढणार म्हणे. मग बॅटरीची चिंता मिटली!” मी भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं टाक्या आणि प्रेशर व्हेसल तपासण्याचं काम केलं. न तपासता ‘मिटली’ म्हणण्याची मला सवय नाही. म्हणून मी वाचायला बसलो आणि थेट जुन्नरला जाऊन पोचलो.

अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. पंधराव्या शतकात, बहामनी राजवटीत, तो होडीतून एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. घोडा विकून नफा करावा हा त्याचा बेत. घाट चढून तो जुन्नरला आला. तिथे पावसाळ्यात अडकला आणि तिथल्या खानाने त्याचा घोडाच अडकवून ठेवला. पुढे खुरासानच्या एका गृहस्थाने मध्यस्थी केली, तेव्हा तो सुटला. या प्रवासाचं त्याने टिपण ठेवलं. त्यात एक तक्रार आहे. हिंदुस्थानात आपल्या उपयोगाचा माल भरपूर आहे असं लोकांनी सांगितलं होतं, प्रत्यक्षात आपल्या देशात नेण्यासारखं इथे काही मिळालं नाही, असं तो लिहितो. ऐकलेलं आणि पाहिलेलं यात किती अंतर असतं, ते या माणसाने जुन्नर-बिदरच्या वाटेवर अनुभवलं.

समुद्राच्या तळाविषयी माणसाने फार काळ फक्त ऐकलेलंच आहे. पूर्वी दोरीला शिशाचं वजन बांधून खोली मोजत. एका जागेच्या मोजणीला तास-तास लागत. मग आवाजाचा उपयोग सुरू झाला. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. जहाजातून सोडलेला आवाज तळावर आपटून चार सेकंदांनी परत आला, तर खोली तीन किलोमीटर, इतकं साधं गणित. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजाने अरबी समुद्रात असे प्रतिध्वनी घेतले आणि सपाट समजल्या जाणाऱ्या तळाखाली डोंगररांगा असल्याचं दिसू लागलं. मोहिमेचे प्रमुख सेमूर स्यूएल भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक राहिलेले होते. त्यानंतर साठच्या दशकात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली. श्रीलंकेच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्या पलीकडे सोव्हिएत संशोधकांना एक प्रचंड डोंगर आढळला. ४,८०० मीटर खोल तळापासून तो १,२०० मीटर खोलीपर्यंत वर येतो. भारतात येऊन गेलेल्या आपल्या त्या व्यापाऱ्याचं नाव त्यांनी डोंगराला दिलं.

याच पाहणीतून १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. गोव्यात दोना पावलाला तिचं मुख्यालय आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने समुद्रतळावरचे धातूचे गोटे पहिल्यांदा वर काढले. बटाट्याच्या आकाराचे हे काळे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढेच वाढतात. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातलं दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र भारताच्या नावावर नोंदलं गेलं. असा हक्क मिळवणारा भारत हा पहिला देश.

१९९०च्या दशकात याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर, लक्ष्मी खोऱ्यात, पाण्याखालच्या डोंगरांचा माग काढला. त्यांना रामन, पणिक्कर आणि वाडिया अशी नावं मिळाली. सी. व्ही. रामन सर्वांना ठाऊक आहेत. एन. के. पणिक्कर संस्थेचे पहिले संचालक आणि डी. एन. वाडिया नामवंत भूवैज्ञानिक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त रसाने दख्खनचं पठार घडलं, त्याच्याशी या डोंगरांचं नातं असावं, असं अनेक भूवैज्ञानिक मानतात. मोशीच्या खाणीतून खडीचे डंपर निघतात, त्यातला काळा दगड त्याच उद्रेकाचा. आपल्या पायाखालच्या दगडाचे भाऊबंद साडेतीन किलोमीटर पाण्याच्या तळाशी उभे आहेत, हे समजल्यावर मला समुद्र एकदम जवळचा वाटू लागला.

पण हे सारं आवाजाने टिपलेलं आणि लोखंडी जाळीने ओरबाडून वर आणलेलं. अंधारात हाताने चाचपडून हत्ती ओळखावा तसं. स्वतः खाली जाऊन पाहिलं की काय होतं, ते १९७७ मध्ये कळलं. ‘आल्विन’ या अमेरिकी पाणबुडीतून शास्त्रज्ञ गॅलापागोस बेटांजवळ अडीच किलोमीटर खाली गेले. ते गरम पाण्याचे झरे शोधत होते. झरे सापडलेच, पण त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाशिवाय जगणारी अख्खी जीवसृष्टी दिसली. असं काही तिथे असेल, याची कोणाला कल्पनाही नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग सगळेच का जात नाहीत? इथे माझ्या धंद्यातली गोष्ट येते. आमच्याकडे टाकी तयार झाली की तीत पाणी भरून दाब देत, त्याला हायड्रो टेस्ट म्हणतात. उमेदवारीच्या दिवसांत मी एकदा पंधरा किलोच्या दाबाला वेल्डिंगच्या जोडातून निघालेली सुईएवढी धार पाहिली. समोरच्या पत्र्यावरचा रंग तिने सोलून काढला. आमचे फोरमन एवढंच म्हणाले, “आधी गेज बघ, मग पाऊल पुढे टाक.” हा झाला पंधरा किलो. सहा हजार मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे सहाशे किलोचा भार असतो. म्हणजे नखाएवढ्या जागेवर एक धिप्पाड म्हैस!

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी हाती घेतली ती याच दाबासाठी. तीन माणसं बसतील असा, २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल आणि त्याची भिंत ८० मिलिमीटर जाडीची, अशी तिची रचना. आकार गोल अशासाठी की दाब सगळीकडे सारखा वाटला जावा. कोपरा आला की तिथे ताण साचतो. याच संस्थेचं माणूस नसलेलं यंत्र २०१० मध्ये ५,२८९ मीटरपर्यंत जाऊन आलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला कट्टुपल्ली बंदरात ‘मत्स्य’च्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ‘नॉटील’ पाणबुडीतून अटलांटिक महासागरात राजू रमेश ४,०२५ मीटरपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटरपर्यंत उतरले.

आता पुतण्याच्या कोबाल्टकडे येतो. निकितिनच्या डोंगरावरचे दगड आपल्या शास्त्रज्ञांनी वर आणून तपासले. त्यांवरच्या काळ्या थरात कोबाल्ट आहे. २०२४ च्या जानेवारीत भारताने तिथल्या शोधकार्यासाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे अर्ज केला. पण श्रीलंकेने २००९ मध्येच समुद्रतळावर जो दावा मांडला, त्यात हा भागही येतो, असा पेच उभा राहिला. शिवाय हा थर गोट्यांसारखा सुटा पडलेला नसतो. बॉयलरच्या नळीत खार धरावा तसा तो खडकाला घट्ट चिकटलेला असतो. काढायचा तर खरवडावा लागतो. आणि समुद्रातल्या अशा डोंगरांवर खोलवरचा प्रवाह आदळून अन्न वर येतं, म्हणून तिथे प्रवाळ, स्पंज आणि मासे वस्ती करतात. त्यातली काही प्रवाळं शेकडो वर्षं जगतात. एकदा खरवडलं की ते परत लावता येत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. आमच्या पट्ट्यातली हजारो घरं गाड्यांवर चालतात. काही प्रकारच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट लागतं आणि त्यासाठी आपण दुसऱ्या देशांच्या तोंडाकडे पाहतो. काही बॅटऱ्या कोबाल्टशिवायही होतात, हेही पुतण्यानेच मला सांगितलं. म्हणून काढूच नका असं मी म्हणत नाही. आधी खाली जाऊन नीट पाहा, एवढंच म्हणतो. पाणबुडीचा खरा उपयोग मला तोच वाटतो. तिच्या खिडकीतून पाहणारा माणूस आधी तपासनीस असावा, खाणवाला नंतर.

निकितिन परत निघाला, पण घरी पोचलाच नाही. वाटेतच वारला. नफा झाला नाही, घोड्यापायी मनस्ताप झाला. त्याचं टिपण मात्र मायदेशी पोचलं आणि त्यामुळेच त्याचं नाव एका डोंगराला मिळालं. पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “काका, येत्या रविवारी जुन्नरला जाऊ या का?”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)