डेलियाच्या कंदांची काढणी, विभागणी व पुनर्लागवड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

फुलझाडांचा इतिहास बहुधा शोधक, नामकर्ते आणि आश्रयदाते यांच्या नावांभोवती लिहिला जातो. डेलिया हे फूलही त्यास अपवाद नाही. कोणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, कोणाच्या स्मरणार्थ नाव दिले, कोणत्या राजघराण्याच्या उद्यानात ते बहरले, याची माहिती अनेक ग्रंथांत आढळते. तथापि नाव मिळाल्याने वनस्पती जगत नाही. मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशातील हे झाड युरोपातील हिवाळ्यात तगून राहिले, याचे कारण दरवर्षी केले जाणारे एक साधे काम होय : कंद काढणे, जपणे, फोडणे आणि पुन्हा लावणे. बागेतील डेलियाचा इतिहास हा मुख्यत्वे या कामाचा इतिहास आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूळ भूमी आणि कंदाचे प्रयोजन

डेलियाच्या बहुतेक जाती मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या उंचावरील प्रदेशात आढळतात. तेथे उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. पावसावर झाड वाढते, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते आणि कोरड्या ऋतूत त्याचा वरचा भाग वाळून जातो. जमिनीखाली उरतात ते पाणी व अन्न साठविलेले कंद. म्हणजेच मूळ भूमीत कंद हे दुष्काळावर मात करण्याचे साधन आहे. तेथे ते उकरून काढण्याची गरज पडत नाही.

स्थानिक नाहुआ लोकांना ही वनस्पती परिचित होती. 'अकोकोत्ली' व 'कोकोशोचित्ल' ही तिची नाहुआ भाषेतील नावे होत. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने पाठविलेला वैद्य फ्रान्सिस्को हेर्नांदेझ याने १५७० च्या दशकात मेक्सिकोतील वनस्पतींची नोंद केली, तीत या झाडांचा समावेश होता. मात्र त्याच्या कार्यावर आधारित ग्रंथ रोम येथे प्रसिद्ध होण्यास १६५१ साल उजाडले.

माद्रिद ते लंडन : नामकरणाचा गोंधळ

१७८९ मध्ये मेक्सिको शहरातील वनस्पती उद्यानाचे व्हिसेंते सर्व्हांतेस यांच्याकडून ही वनस्पती माद्रिदच्या राजोद्यानात पोहोचली. तेथील अँतोनिओ होसे काव्हानियेस यांनी १७९१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स डाल यांच्या स्मरणार्थ तिला 'डेलिया' हे नाव दिले. डाल यांचे निधन १७८९ मध्येच झाले होते. आपल्या नावाचे फूल त्यांना पाहता आले नाही. पुढे बर्लिनचे विल्डेनोव्ह यांनी याच वनस्पतीस गेऑर्गी या शास्त्रज्ञावरून 'जॉर्जिना' असे नाव दिले. शास्त्रीय परिभाषेत ते टिकले नाही, तरी रशियन भाषेत हे फूल आजही त्याच नावाने ओळखले जाते. या साऱ्यात मूळ नाहुआ नावे मात्र मागे पडली.

१८०४ मध्ये लेडी हॉलंड यांनी माद्रिदहून लंडनला बियाणे पाठविले आणि इंग्लंडमध्ये डेलियाची लागवड रुजू लागली. मेक्सिकोचे झाड म्हणजे उष्ण प्रदेशातील झाड, अशी समजूत असल्याने आरंभी ते काचगृहात उबेत ठेवले जाई. वस्तुतः ते थंड डोंगराळ हवेतील होते. काचगृहातून ते उघड्या वाफ्यात आणल्यावरच खरा प्रश्न पुढे आला. ब्रिटनमध्ये डेलियाची उत्तम लागवड कशी करावी, या विषयावर आर. ए. सॅलिस्बरी यांनी १८०८ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे निबंध वाचला. तोवर झाडाचे नाव ठरून बरीच वर्षे लोटली होती. त्यास जगवावे कसे, याची चर्चा अद्याप चालूच होती.

काढणी व साठवण

डेलियाचे कंद दिवस लहान होऊ लागले की वेगाने भरतात. युरोपात नेमक्या याच सुमारास थंडीचा कडाका सुरू होतो. त्यामुळे माळ्यापुढे पेच उभा राहतो. लवकर काढल्यास कंद अपुरे भरलेले राहतात आणि साठवणीत सुकतात; उशीर केल्यास जमीन गोठून ते कुजतात. यावर अनुभवातून जी खूण सर्वमान्य झाली ती अशी : पहिल्या कडक थंडीने पाने काळी पडेपर्यंत थांबावे, नंतर खोड वीतभर ठेवून छाटावे आणि गड्डा सर्व बाजूंनी सैल करून अलगद उचलावा. खोड धरून ओढल्यास कंदाची मान मोडते आणि मोडलेल्या मानेचा कंद निरुपयोगी ठरतो.

काढलेला गड्डा काही दिवस पालथा ठेवण्याची रीतही अशीच अनुभवसिद्ध आहे. डेलियाचे खोड पोकळ असते. त्यात साचलेले पाणी निथळले नाही तर कूज तेथूनच सुरू होते. यानंतर कंद कोरडी वाळू, राख किंवा लाकडाचा भुसा यांत घालून थंड, पण गोठणार नाही अशा तळघरात ठेवले जात. हिवाळाभर ते वारंवार तपासावे लागत, कारण एका कुजक्या कंदाने शेजारचे सर्व कंद नासतात.

विभागणी : डोळ्याचे महत्त्व

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास बेणे ही कल्पना नवी नाही. बटाट्याचा डोळा असलेला तुकडा लावला की रोप उगवते. डेलियाचा कंद मात्र बटाट्यासारखा नाही. बटाटा हे फुगलेले खोड आहे, म्हणून त्याच्या अंगावर डोळे असतात; डेलियाचा कंद हे फुगलेले मूळ आहे. त्याच्या अंगावर डोळा नसतो. जुने खोड आणि कंद जेथे जुळतात, केवळ त्या भागावर डोळे येतात. म्हणून गड्डा फोडताना प्रत्येक कंदाबरोबर खोडाच्या तळाचा निदान एका डोळ्यासह तुकडा येणे अनिवार्य असते. तसे न झाल्यास मोठा, निरोगी कंदही जमिनीत महिनोन्महिने पडून राहतो, पण अंकुरत नाही. वसंताच्या आरंभी कंद ओलसर मातीत उबेला ठेवून डोळे फुगू द्यावेत आणि मगच सुरी चालवावी, ही पद्धत याच कारणाने रूढ झाली. थंडीचा धोका टळल्यावर हे भाग पुन्हा वाफ्यात लावले जात.

या कृतीचे ऐतिहासिक महत्त्व आनुवंशिकतेत दडले आहे. बागेतील डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात. त्यामुळे बियांपासून उगवणारी रोपे मातृवृक्षासारखी होतीलच असे नाही. प्रत्येक रोप काही वेगळे घेऊन येते. एकोणिसाव्या शतकात रंग व आकार यांचे जे अमाप वैविध्य निर्माण झाले ते बियांमुळे. परंतु त्यांपैकी आवडलेले रूप जसेच्या तसे पुढील वर्षी पाहावयाचे तर कंदाची विभागणी किंवा कंदावरील कोवळ्या फुटव्यांची छाटकलमे हेच मार्ग होते. बियांनी वैविध्य दिले, कंदांनी सातत्य दिले.

एका कंदाची परंपरा

याचे बोलके उदाहरण १८७२ मधील आहे. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील रोपवाटिकाचालक व्हॅन डेन बर्ग यांना मेक्सिकोहून कंदांची एक पेटी आली. प्रवासात बहुतेक कंद कुजले होते. केवळ एक तगला. त्यास टोकदार, मागे वळलेल्या पाकळ्यांचे लाल फूल आले. मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेझ यांचे नाव त्यास देण्यात आले आणि त्याच्यापासूनच 'कॅक्टस डेलिया' हा वर्ग विकसित झाला. त्या एका कंदाचा गड्डा फोडला गेला नसता, तर तो वर्ग त्या पेटीतच संपला असता.

वेल्समधील कार्डिफ येथे १९२४ मध्ये तयार झालेला 'बिशप ऑफ लँडाफ' हा गडद पानांचा वाण शंभर वर्षांनंतरही लावला जातो. या काळात कितीतरी हातांनी त्याचे कंद काढले, जपले आणि फोडले. वाणाचे नाव नोंदले गेले, हातांची नोंद झाली नाही.

या पद्धतीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. विभागणीने वाणाबरोबर त्याचे रोगही पुढे जातात. डेलियाच्या मोझॅक रोगाचा विषाणू बाधित गड्ड्याच्या प्रत्येक भागातून नव्या रोपात उतरतो. म्हणून रोगट झाड, ते कितीही प्रिय असले तरी, नष्ट करण्याचा निर्णयही या परंपरेचाच भाग ठरतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या मैदानी भागात डेलिया हे हिवाळी फूल आहे. येथेही बहर ओसरल्यावर कंद काढून सावलीत, कोरड्या वाळूत ठेवतात आणि पावसाळा संपल्यावर लावतात. काम तेच, शत्रू मात्र निराळा. युरोपात गोठणाऱ्या जमिनीपासून कंद वाचवावा लागतो, तर येथे उन्हाळ्याच्या तापापासून आणि पावसाळ्यातील साचलेल्या ओलाव्यापासून. यावरून हे ज्ञान ग्रंथातून उतरवून घेता येत नाही, प्रत्येक प्रदेशाच्या हवामानानुसार ते नव्याने घडवावे लागते, हे स्पष्ट होते.

निष्कर्ष

१९६३ मध्ये मेक्सिकोने डेलियास राष्ट्रीय पुष्पाचा दर्जा दिला. नाहुआ नावे गमावलेले फूल अशा रीतीने आपल्या भूमीच्या नावाशी पुन्हा जोडले गेले. उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, डेलियाच्या इतिहासात नामकरण ही एकदा घडलेली घटना आहे, तर कंदांची काढणी, विभागणी व पुनर्लागवड ही दरवर्षी नव्याने घडणारी. एका हिवाळ्याची हयगय एखादा वाण कायमचा नाहीसा करू शकते. वनस्पतींच्या इतिहासाचे लेखन करताना शास्त्रज्ञ व आश्रयदाते यांच्या बरोबरीने अनामिक माळ्यांच्या श्रमास आणि अनुभवसिद्ध ज्ञानास इतिहासाचे साधन म्हणून स्थान द्यावे लागेल. तळघरातील वाळूत जपलेला कंद हाही एक दस्तऐवजच होय. तो वाचणारे हात इतिहासाबाहेर राहता कामा नयेत.